टपालपेटीचा तळ

कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, लाकूडफाटा आत घ्यायचा. कोकणातल्या आगोटीच्या या कामांत फाटकावरच्या टपालपेटीलाही मी हट्टाने जागा देतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीसारख्या मुलखात पत्र्याची पेटी फार काळ धड राहत नाही. तिची डागडुजी हातात कधी कानस न धरलेल्यालाही जमते. मात्र पेटी नेमकी कुठे कुजली आहे, हे आधी नीट पाहायला हवं.

दार लावता येतं, खिडकी ओढून घेता येते. पेटीची फट मात्र घरी कोणी नसतानाही उघडी हवी, अनोळखी हातालाही उघडी हवी. पत्र ज्या वाटेने येतं त्याच वाटेने पाणी येतं. म्हणून बऱ्याच पेट्या वरून बऱ्या दिसतात आणि तळाच्या सांध्यांत पार खाल्लेल्या असतात. तिथे पाणी साचून राहतं, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्यात विरघळतं आणि गंजण्याला वेग येतो. गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंगाला तो आतून ढकलतो. रंगाचे पोपडे दिसू लागतात तोवर पत्रा खालून बराच गेलेला असतो.

तारेच्या ब्रशने घासायला लागलं की लाल भुकटी पडते. तिचा रंग आवारातल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखाच असतो, आणि हे साम्य वरवरचं नाही. जांभ्याचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचाच. लोखंड मुळात अशाच दगडांतून भट्टीत वितळवून काढलेलं. हवा-पाणी मिळताच ते त्या जुन्या रूपाकडे परतू पाहतं. गंमत अशी की गंजाला अडवायला आपण जो रेड ऑक्साइड प्रायमर लावतो, त्याच्या लाल रंगातही लोखंडाचं ऑक्साइडच असतं. गंजाचा थर भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा. प्रायमरमध्ये तेच द्रव्य तेला-राळेत बांधलेलं, पत्र्याला घट्ट चिकटणारं. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उभा आहे, तोही गंजापासून अलिप्त राहून नव्हे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे त्याच्यावर धरलेला पातळ, घट्ट थरच त्याला राखतो. मला यात मोठा दिलासा वाटतो. लोखंडाचा स्वभाव बदलायचा नसतो, त्याला बांध घालायचा असतो.

सगळ्या फटी एम-सीलने लिंपून टाकाव्यात, असं नवशिक्याला साहजिकच वाटतं. वरच्या सांध्यांना ते ठीक. पण तळही बुजवला तर पेटीचा हौद होतो. फटीतून पाणी थोडं तरी येणारच. त्याला जायला वाट हवी. म्हणून तळाच्या कोपऱ्यांत ड्रिलने बारीक भोकं पाडावीत, त्यांच्या कडांनाही प्रायमर लावावा, आणि पत्रं टेकायला तळापासून बोटभर उंचीवर जाळी बसवावी. वरच्या झाकणाची पुढची कड खाली वाकवली की पाणी पत्र्याला चिकटून फटीकडे सरकत नाही, पागोळीसारखं सुटून पडतं. प्रायमर पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात, आतूनसुद्धा. आतला रंग कोणाला दिसत नाही, म्हणून तोच बहुधा राहून जातो.

एवढा खटाटोप टपाल आटत चाललेल्या काळात कशाला, असं कोणी विचारेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, जे टपालखात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. ते सहा आकडे पत्राला नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत आणतात. पुढे वाडी, घाटी, फाटक हे सारं पोस्टमनच्या पायांवर आणि ओळखीवर. एवढ्या लोकांनी सांभाळून आणलेला कागद शेवटच्या वीतभर अंतरात भिजावा, हे मला लाजिरवाणं वाटतं. कारण ती वीत आपल्या हातातली असते. बँकेचं पत्र असो, कोर्टाची नोटीस असो वा कुणाच्या लग्नाची पत्रिका, ते कोरडं मिळावं.

फटीची रुंदी ठरवताना मात्र पोस्टमनला विचारावं. मोठी पाकिटं दुमडून कोंबावी लागतात का, फट छातीच्या उंचीवर बरी की थोडी खाली, छत्री धरलेल्या हाताने झापड उचलता येते का, हे त्यांना रोजच्या सरावाने ठाऊक असतं. पत्रा कापण्याआधी विचारलं, तर मृगाच्या आत काम आटोपतं.