सफीतील रिकामी जागा



जमातीच्या नमाजेत खांद्याला खांदा लावून उभे राहावे, हे आपण लहानपणापासून शिकतो. पण सलाम फेरल्यानंतर त्या शेजारच्या खांद्याची आठवण किती जणांना राहते?

गेल्या वर्षी आमच्या मस्जिदीत शेवटच्या सफीत खुर्चीवर नमाज पढणारे एक वृद्ध चाचा दिसेनासे झाले. बारा दिवसांनी मी चौकशी केली. ते घरात पाय घसरून पडले होते. पत्नी वारलेली, मुलगा आखातात. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी कसलीही तक्रार केली नाही. एवढेच विचारले, "इमामसाहेब, माझी खुर्ची कुणी हलवली तर नाही ना?" मी खजील झालो. ज्या जागेत त्यांचा जीव गुंतला होता, ती रिकामी असल्याचे मी इतके दिवस पाहिलेच नव्हते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मस्जिदीची झाडलोट करणाऱ्या एका स्त्रीचा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. ती दिसेना, तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः तिची विचारपूस केली. ती वारल्याचे कळले. सहाबांनी ती बाब लहान समजून त्यांना कळवली नव्हती. मला का सांगितले नाही, असे विचारून ते तिच्या कबरीवर गेले आणि तेथे जनाजाची नमाज अदा केली. ज्यांच्यावर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती, त्यांना झाडू मारणारीची अनुपस्थिती जाणवली!

इ.स. 622 मध्ये हिजरत झाली. मुहाजिर आपले घर, व्यापार आणि गोतावळा मागे टाकून मदीनेत आले होते. तेथे मस्जिद उभी राहिली, जमात होऊ लागली, तरी गर्दीत परक्याचे परकेपण आपोआप संपेल, असे प्रेषितांनी (स.) मानले नाही. त्यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्सारीशी बंधुत्वाने जोडून दिले. हीच मुआखात.

हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली निम्मी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली, त्यांनी दुआ देऊन फक्त बाजाराची वाट विचारली. हजरत सलमान फारसी (रजि.) आपले बंधू हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा ते दिवसा रोजा आणि रात्री इबादत यांतच गढल्याचे त्यांना दिसले. त्यांनी मित्राला सोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. देहाचा व कुटुंबाचाही माणसावर हक्क असतो, हे सलमान (रजि.) यांचे म्हणणे प्रेषितांनी (स.) खरे ठरवले. उंबरठा ओलांडल्यावाचून मित्राची ही अवस्था त्यांना कशी कळली असती?

म्हणून माझी विनंती छोटी आहे. आपण चार-पाच जणांचे एक वर्तुळ करावे. आठवड्यातून एकदा चहासाठी एकत्र बसावे. कुणी तीन दिवस दिसला नाही, तर फोनवर न भागवता त्याच्या दारी जावे. भगिनींनी आपल्या गल्लीत नव्याने आलेली सून, दूरदेशी मुले असलेली आई आणि विधवा शेजारीण यांना आधी बोलवावे. शेजारी अन्य धर्माचा असेल, तरी त्याचा हक्क कमी होत नाही.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. बैठकीत गीबत शिरली, की मैत्रीची बरकत जाते. सूरह अल्-हुजुरातमध्ये तिचा कठोर निषेध आहे. आणि वर्तुळ कधी बंद करू नये; बैठकीत येणाऱ्यासाठी जागा करून देण्याची शिकवण सूरह अल्-मुजादलहमध्ये आहे.

आता दर गुरुवारी असरनंतर आम्ही चौघे चाचांच्या घरी बसतो. चहा तेच करतात. कुणाला करू देत नाहीत.

या जुम्याला सलाम फेरल्यावर क्षणभर उजवीकडे-डावीकडे पाहा. कोण आलेले नाही?

अल्लाह आपणा सर्वांना एकमेकांची वास्तपुस्त करणारे बंधू-भगिनी बनवो. आमीन.