साखरेचा हिशेब

१९३८ साली एरिक विल्यम्स या त्रिनिदादच्या तरुणाने ऑक्सफर्डमधून इतिहासातली डॉक्टरेट मिळवली. वेस्ट इंडीजमधला गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी बंद होण्याची आर्थिक बाजू, हा प्रबंधाचा विषय. ऐकायला कोरडा, पण ज्या विद्यापीठात तो सादर झाला तिथे या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. ब्रिटिशांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, विल्बरफोर्ससारख्या धर्मनिष्ठ मंडळींनी पार्लमेंट हलवलं, आणि १८०७ मध्ये व्यापार व १८३३ मध्ये गुलामगिरीच कायद्याने संपली, असं ते उत्तर. १९३३ मध्ये या सगळ्याची शताब्दी थाटात साजरी झाली तेव्हा विल्यम्स तिथेच शिकत होते.

त्यांचा सवाल साधा होता: ही दया नेमकी तेव्हाच का आली? त्याच्या आधीची दीडशे वर्षं ती कुठे होती? उत्तर शोधायला ते प्रवचनांकडे गेले नाहीत, जमाखर्चाकडे गेले. ब्रिटिशांच्या कॅरिबियन बेटांवरची जमीन थकली होती, फ्रेंचांची आणि पुढे क्यूबा-ब्राझीलची साखर स्वस्त पडत होती, आणि मँचेस्टरच्या नव्या गिरणीमालकांना मळेवाल्यांची मक्तेदारी पोसण्यात रस उरला नव्हता. जी गोष्ट परवडेनाशी झाली तिच्याविरुद्ध नीतीचा आवाज मोठा झाला, एवढंच.

प्रबंधात हे सांगताना सूर जपलेला आहे. परीक्षकांसमोर तो जपावाच लागतो. त्यानंतर ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवायला गेले, आणि १९४४ मध्ये ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हे पुस्तक आलं तेव्हा तो विचार अंगाने भरला होता आणि त्याला दातही आले होते. गुलामगिरी संपली कशी, याच्या आधी ती कामाला कशी आली, हे आता पुस्तकात होतं. लिव्हरपूल आणि ब्रिस्टल कशावर वाढली, बँका आणि विमा कंपन्यांत कुणाचा पैसा होता, वॅटच्या वाफेच्या यंत्राला भांडवल कुठून मिळालं. आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं विधान: वर्णद्वेषातून गुलामगिरी जन्मली नाही, गुलामगिरीतून वर्णद्वेष जन्मला. मळ्याला स्वस्त मजूर हवा होता. त्याच्या कातडीचं तत्त्वज्ञान मागाहून रचलं गेलं. लंडनच्या प्रकाशकाने हे छापायला नकार दिला होता. पुस्तक अमेरिकेत निघालं, तेही लेखकाने पदरचे पैसे घालून. इंग्लंडमध्ये ते यायला १९६४ उजाडलं.

तोवर लेखक पंतप्रधान झालेला होता. १९५५ मध्ये कॅरिबियन कमिशनमधली नोकरी गेली, तेव्हा विल्यम्स पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड चौकात उभे राहिले आणि लोकांना इतिहास शिकवू लागले. काळा चष्मा, कानाला श्रवणयंत्र, तासन् तास आकडेवारी. या चौकाला लोक विद्यापीठच म्हणू लागले. अभ्यासिकेतला विचार इतक्या लवकर रस्त्यावर आल्याची उदाहरणं थोडी. १९५६ च्या जानेवारीत पक्ष निघाला, सप्टेंबरात त्याने २४ पैकी १३ जागा जिंकल्या, आणि ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. १९६१ च्या एका गाजलेल्या भाषणात मळेमालकाचे दिवस भरले, असं त्यांनी जाहीरही केलं.

इथपर्यंत कथा सरळ आहे. अडचण अशी की मळे होते तिथेच होते, फक्त उसात राबणारे बदलले होते. १८४५ पासून १९१७ पर्यंत करारावर आणलेल्या, बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातून गेलेल्या मजुरांचे ते वंशज. विल्यम्स यांचं गाजलेलं पुस्तक मुक्तीपाशी थांबतं, आणि यांची गोष्ट तिथेच सुरू होते. १९६२ च्या त्रिनिदादच्या इतिहासात त्यांनी या करारबद्ध मजुरांवर आस्थेने लिहिलं, हे खरं. पण १९५८ मध्ये वेस्ट इंडीज संघराज्याच्या निवडणुकीत पक्ष हरला, तेव्हा याच समाजाबद्दल चौकातून त्यांनी काढलेले उद्गार इतके कडवट होते की ते तिथे आजही विसरले गेलेले नाहीत. इतिहासकाराला जे दिसत होतं ते मतं मोजणाऱ्याला दिसेना.

१९६५ मध्ये ऊस कामगारांचा संप भडकला. सरकारने त्या पट्ट्यात आणीबाणी लावली आणि संपांना वेसण घालणारा कायदा आणला. त्याच सुमारास क्रिकेटचं वार्तांकन करायला आलेल्या सी. एल. आर. जेम्स यांना घरातच नजरकैदेत ठेवलं गेलं. जेम्स म्हणजे विल्यम्स यांचे शाळेतले शिक्षक, प्रबंधाच्या दिवसांतले सल्लागार, आणि काही काळ पक्षाच्या वृत्तपत्राचे संपादक.

मग १९७० आलं. फेब्रुवारीत तरुण रस्त्यावर उतरले आणि कॅनेडियन बँकेवर मोर्चा गेला. विचारणा होती: बँका कुणाच्या, तेल कुणाचं, साखर कुणाची? म्हणजे १९४४ च्या पुस्तकातलाच प्रश्न, त्याच्या लेखकाला विचारलेला. मार्चमध्ये आफ्रिकी वंशाच्या मोर्चेकऱ्यांनी शहरातून थेट उसाच्या मुलखात, कारोनीपर्यंत, चालत जाऊन भारतीय वंशाच्या कामगारांना हाक दिली. हा सांधा विल्यम्स यांनी चौदा वर्षांत जुळवला नव्हता. एप्रिलमध्ये पुन्हा आणीबाणी लागली, सैन्याच्या एका तुकडीने बंड केलं, ते मोडलं.

आपल्याकडे पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की १९७१ मधलं सुनील गावसकर यांचं पदार्पण आणि एप्रिलमधल्या शेवटच्या कसोटीतली १२४ आणि २२० ही दोन शतकं आठवतात. त्याच देशात पुढच्या महिन्यात निवडणूक झाली. विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि विल्यम्स यांच्या पक्षाने ३६ च्या ३६ जागा घेतल्या. स्कोअरबोर्डवर याहून पोकळ आकडा सापडणं कठीण.

तरुणांच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं ते खरेदीने. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिजोरी भरली. शेलची मालमत्ता घेतली, पॉइंट लिसासला पोलाद आणि खतांचे कारखाने उभे राहू लागले, आणि टेट अँड लाइल या ब्रिटिश कंपनीची कारोनीतली साखर कंपनी १९७५ पर्यंत पूर्णपणे सरकारी झाली. मालकाचं नाव बदललं. कापणाऱ्याच्या हातातला कोयता तोच राहिला. मला हे उत्तर अप्रामाणिक वाटत नाही, अपुरं वाटतं: सगळ्या गोष्टींच्या मुळाशी मालकी पाहणारा माणूस मालकी बदलली की काम झालं असं मानणारच. २९ मार्च १९८१ रोजी, पदावर असतानाच, ते गेले.

पुस्तकावरचा वाद मात्र चालूच राहिला. इतिहासकार सीमोर ड्रेशर यांनी १९७७ मध्ये आकड्यांनिशी दाखवलं की १८०७ च्या सुमारास ब्रिटिश गुलामव्यवस्था तोट्यात नव्हती, उलट वाढत होती. विल्यम्स यांच्या मांडणीचा तो भाग तेव्हापासून डळमळीतच आहे. दुसरीकडे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ मध्ये मुक्तीच्या वेळी गुलामांच्या मालकांना मिळालेल्या २ कोटी पौंड भरपाईच्या नोंदी नावानिशी खुल्या केल्या, आणि गुलामांना त्यातला एक पैसाही मिळाला नव्हता हे घराघरात कळलं. पैसा इंग्लंडमध्ये कुठे मुरला, हा भाग दर दशकाला बळकटच होत गेला. २०२२ मध्ये लंडनमध्ये नवी आवृत्ती आली आणि जोरात खपली.

त्रिनिदादमध्ये २००३ साली कारोनीच्या सुमारे ९ हजार कामगारांना घरी पाठवलं गेलं. बहुतेक भारतीय वंशाचे. सरकार विल्यम्स यांनीच काढलेल्या पक्षाचं होतं, आणि कारण दिलं ते असं की साखर आता परवडत नाही.