पासधारकाचा वेळ

शिराळ्यास रेल्वे नाही. तेथील मनुष्य कऱ्हाडला उतरून एस.टी.ने घरी परततो. गाडी लांबली की पुढची एस.टी.ही चुकते. विलंबाची किंमत त्यास विचारावी.

2016 साली जम्मूची गाडी चार तास लांबली व एका प्रवाशाचे विमान चुकले. रेल्वेस विलंबाचे समाधानकारक कारण देता आले नाही, म्हणून 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. पण मासिक पास काढणाऱ्याची हानी रोज थोडी थोडी होते. म्हणून ती हानीच नव्हे काय? त्यास सवलत मिते ती भाड्यात. वेळ पाळण्याच्या वचनात नव्हे. उलट त्याने महिन्याचा विश्वास आगाऊच दिलेला असतो. भरपाईची रक्कम अल्प असेल. तथापि ती मागण्यात आम्हांस लोभ दिसत नाही. आपला वेळ फुकटचा नाही, एवढेच तो बजावितो.