यादी, पावती आणि मत

शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें 6:1–6



यरुशलेमेंतील मंडळींत कुरकूर सुरू झाली ती विधवांच्या रोजच्या वांटणीवरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतें, अशी तक्रार होती. बारा प्रेषितांना आपल्याच अधिकारानें सात माणसें नेमतां आलीं असतीं. परंतु त्यांनीं सर्व शिष्यांना एकत्र बोलाविलें, माणसें कशीं असावीं हें उघड सांगितलें, आणि निवड त्यांच्यावर सोंपविली. निवडलेल्या सातही जणांचीं नांवें ग्रीक आहेत, हें लक्षांत घ्या. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच जवळच्या माणसांच्या हातीं वांटणी गेली, असें दिसतें.

आपल्याकडेही विधवा, अनाथ व आजारी यांच्या साहाय्यासाठीं संस्था आहेत. त्यांची वार्षिक सभा भरते आणि पंच निवडले जातात. तेथील अन्याय पुष्कळदां मतें पडण्याआधींच, सभासदांच्या यादींत झालेला असतो. संस्था नोंदणीच्या 1860 च्या कायद्याप्रमाणें, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देतां येत नाहीं. नियम योग्य आहे. पण तो कसा वांकवितात हें मीं एका सभेंत पाहिलें. एका विधवा बाईनें वर्गणी भरली होती, परंतु तिला पावती दिली नव्हती. उलट, आठदहा जणांची थकबाकी एका उमेदवारानेंच आदल्या रात्रीं भरली होती. त्यांनीं मत दिलें. बाई दाराशीं बसून राहिली. मी पाळक असूनही, सभा लवकर आटोपावी म्हणून गप्प राहिलों. तें मौन मला आजही बोंचतें.

म्हणून चिटणीसांनीं वर्गणी घेतांच पावती द्यावी. यादी सभेच्या पुष्कळ दिवस आधीं सर्वांना दिसेल अशी लावावी, आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना वाचून दाखवावी. जेथें सावकार किंवा मालक समोर बसला आहे, तेथें हात वर करवूं नयेत, चिठ्ठ्या टाकाव्या. उमेदवारानें मतें मोजूं नयेत. तीं सर्वांसमोर मोजावीं व आंकडे सभेच्या वहींत लिहावे.

यरुशलेमेंतील गरिबांची वर्गणी नेतांना पौलानें मंडळ्यांनीं निवडलेला बंधु सोबत घेतला, यासाठीं कीं कोणीं दोष लावूं नये (2 करिंथ 8:19–21). पौलासारख्याला जर साक्षी हवे होते, तर “आमच्यावर विश्वास नाहीं काय?” असें विचारून हिशेब झांकण्याचा अधिकार आम्हांला कोठून आला?

येत्या सभेपूर्वीं पावतीपुस्तक उघडा, आणि दाराशीं कोणी बसलें आहे काय तें पाहा. प्रभु आपणांस उजेडांत चालण्याची कृपा देवो. आमेन.