राहेलीची वाट
(उत्पत्ति ३५:१६-२०)

बेथेल येथे देवाचा आशीर्वाद पावून याकोब निघाला, आणि एफ्राथ अजून दूर असताच राहेलीस वेणा लागल्या. सुईण जवळ होती, तिने धीर दिला, पुत्रही जन्मला. परंतु माता गेली. आशीर्वादाच्या वाटेवरही असा प्रसंग येतो, हे शास्त्र आम्हांपासून लपवीत नाही.

एका सुवार्तिकाने आम्हांस विचारले की, प्रसूतीपूर्वीच गाडी ठरविणे व पैसे बाजूस काढणे हा अविश्वास नव्हे काय? आमच्या मते नव्हे. राहेलीजवळ सुईण होती, याबद्दल शास्त्राने कोणास दोष दिला नाही. त्या दयाळू शोमरोन्यापाशीही तेल, द्राक्षारस, जनावर व दोन नाणी होती; नुसता कळवळा असता तर तो घायाळ मनुष्य वाटेवरच राहिला असता.

डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडिले, तेव्हा खेड्यांतून येणाऱ्यांस बैलगाडीचाच आधार असे. आज १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. गर्भवती व तान्ह्या बाळांकरिता १०२ हा क्रमांकही आहे. तथापि पाटणच्या डोंगरातील वाडीस किंवा जतकडील एकाकी वस्तीस गाडी पोहोचण्यास वेळ लागतो, आणि प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव धडधाकट स्त्रीचाही प्राण दोन तासांत घेऊ शकतो. म्हणून आठव्या महिन्यातच गावातील दुसरे वाहन, रात्री उठणारा चालक व रक्त देण्यास तयार असलेले दोघे ठरवून ठेवावे. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, आधार, धुतलेली सुती वस्त्रे व थोडे पैसे एका पिशवीत दाराजवळ असावे. (आमच्या घरी असले कागद कोणत्या पेटीत आहेत, हे एकट्या आजीबाईंसच ठाऊक असते!) पहिल्या बाळंतपणास लेक माहेरी निघाली म्हणजे ते कार्ड तिच्याबरोबरच जावे.

आपल्या वडिलांनी बाळंतिणीस सव्वा महिना जपण्याची रीत घातली, ती चांगली. डॉक्टरही बेचाळीस दिवस जपण्यास सांगतात. परंतु ज्वर, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटका आला असता तिला विटाळाच्या नावाने खोलीत ठेवू नये. झटका आल्यास डाव्या कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, आणि त्याच क्षणी निघावे.

उसाच्या हंगामात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बीडकडून तोडणीस येणाऱ्या भगिनींची आम्हांस विशेष काळजी वाटते. कित्येकींचे कार्ड गावीच राहते, जवळचा दवाखाना ठाऊक नसतो, आणि दिवस भरत आले तरी हातातला कोयता सुटत नाही. त्या आमच्या मंडळीतील नाहीत, असे कोणी म्हणेल. तो घायाळ मनुष्य तरी शोमरोन्याच्या मंडळीतील कोठे होता? तेव्हा सुवार्तिक बंधूंनो, हंगाम लागताच आपल्या शिवारातील कोप्यांवर आशाताईंस सोबत घेऊन जा. कोणास कितवा महिना आहे ते विचारा, आणि आरोग्य केंद्राची वाट मुकादमासही दाखवून या.