फलकाखालचा बाक

नाशिकच्या पंचवटीतल्या एका चौकात भिंतीवर काळा वार्ताफलक होता. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी रोज सकाळी वर्तमानपत्रे वाचत आणि फलकाच्या वरच्या अर्ध्या भागावर बातम्या लिहीत. खालचा अर्धा भाग त्यांनी सगळ्यांसाठी मोकळा सोडला होता. खडू दोरीला बांधलेला असे. फलकाखाली एक लाकडी बाक होता.

हळूहळू तिथे माणसे जमू लागली. नळाला पाणी कधी येणार, कोणत्या गल्लीतला दिवा गेला, कोणाची म्हैस हरवली, असे काहीबाही लोक लिहीत, वाचत आणि तिथेच बोलत उभे राहत. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला सुरू झाली की रात्री परतणारे श्रोते चौकात थांबत. वक्त्याचे काय पटले, काय पटले नाही, ते फलकावर मांडत. कधी आवाज चढत. कधी दोघेजण आठवडाभर एकमेकांशी बोलत नसत. तरी संध्याकाळ झाली की सगळ्यांची पावले तिकडेच वळत.

एका वर्षी २ मार्चला एका तरुणाने खडू हातात घेतला. त्याने लिहिले, ‘२ मार्च १९३०. याच दिवशी दलितांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागे हजारो माणसे मंदिराशी आली. दारे बंद करून घेतली गेली. लढा वर्षानुवर्षे चालला, पण दार उघडले नाही. माझे आजोबा त्या दारात बसले होते.’ खाली त्याने आपले नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर पुसलेला होता. कोणी पुसला ते कळले नाही. काही म्हणाले, “जुने कशाला उकरायचे?” काही म्हणाले, “पुसणारा सापडू दे, मग बघू.” चौकात दोन तट पडले.

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी तरुणाला बोलावून घेतले, त्याच्याकडून मजकूर पुन्हा सांगून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिला. तरुणाच्या नावाशेजारी आपलेही नाव घातले. मग ते बाकावर बसले.

“ज्याला हे पुसायचे असेल त्याने माझ्याशेजारी बसावे आणि का पुसायचे ते सांगावे,” ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही. तरुण मात्र त्यांच्याशेजारी बसून राहिला. लोक त्याला विचारू लागले. आजोबा किती दिवस बसले होते? रामनवमीला रथाच्या वेळी काय झाले? दगड कोणी मारले? त्याला घरात ऐकून जेवढे माहीत होते तेवढे त्याने सांगितले. ऐकणाऱ्यांत मंदिराच्या सावलीत लहानाचे मोठे झालेले लोक होते. त्यांतल्या पुष्कळांनी हे पहिल्यांदाच ऐकले.

त्या दिवशी गुरुजींनी फलकाच्या कडेला पांढऱ्या रंगाने एक ओळ रंगवून घेतली : ‘लिहिणाऱ्याने नाव लिहावे आणि संध्याकाळी बाकावर बसावे.’

एकाने विचारले, “गुरुजी, गरिबाला बड्या माणसाविरुद्ध लिहायचे असले तर? नाव लिहिले की त्याच्या पोटावर पाय येईल.”

गुरुजी म्हणाले, “त्याने मला सांगावे. मी खातरजमा करीन, माझे नाव लिहीन आणि त्याच्या जागी बसेन.”

बरीच वर्षे हे नीट चालले. मग एका सकाळी फलकावर अक्षरे दिसली. रामकुंडाजवळ फुलांच्या पुड्या आणि द्रोणातले दिवे विकणाऱ्या मावशींबद्दल ती होती. ‘ती पाण्यातली फुले काढून, धुऊन पुन्हा विकते.’ खाली नाव नव्हते. गुरुजी येईपर्यंत अर्ध्या आळीने ते वाचले होते. त्यांनी ते पुसले. पण लोकांच्या तोंडून ते पुसले गेले नाही. मावशींची टोपली संध्याकाळी भरलेली घरी जाऊ लागली. “हा फलकच काढून टाका,” असे आता पुष्कळजण म्हणू लागले.

तो २००८ चा सप्टेंबर होता. पाऊस थांबत नव्हता. गंगापूर धरणातून पाणी सोडले होते. पंचवटीत गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिचा पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात : गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्या दुपारी कोणीतरी फलकावर लिहून गेले, ‘धरण फुटले.’ खाली नाव नव्हते. आयाबाया लेकरे काखेत घेऊन धावल्या. दुकाने उघडी टाकून माणसे पळाली. एक म्हातारे बाबा गर्दीत पडले.

तेवढ्यात घाटाकडून मावशी आल्या, नखशिखांत भिजलेल्या. पहाटेपासून त्या वरच्या पायरीवर उभ्या राहून पाणी बघत होत्या.

“धरण फुटले असते तर मी इथवर चालत आले असते का?” त्या म्हणाल्या. “पाणी मारुतीच्या कमरेला आहे. चढतेय, पण हळूहळू. घाटाजवळच्या घरांतली माणसे आधी काढा. वरच्यांनी पळू नका.”

मावशींना लिहिता येत नव्हते. गुरुजींनी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले, पुढे वेळ घातली आणि खाली मावशींचे नाव लिहिले. लोक थांबले. मग दर थोड्या वेळाने कोणीतरी पाणी पाहून येई आणि आपल्या नावानिशी लिही. छातीला आले. गळ्याला आले. शेवटी मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा खालची घरे केव्हाच रिकामी झाली होती.

पूर ओसरला. मावशींनी चिखल काढून पुन्हा टोपली मांडली. त्या दिवशी दुपारपर्यंत फुले संपली. संध्याकाळी एक माणूस येऊन बाकावर बसला. बराच वेळ तो खाली मान घालून होता. मग म्हणाला, “मावशींबद्दल ते मी लिहिले होते. मी पाहिले नव्हते. नुसते ऐकले होते.” गुरुजींनी त्याला खडू दिला. त्याने तेच शब्द फलकावर लिहिले आणि खाली नाव घातले.

चार माणसे जिथे बोलतात तिथे वाद होणारच. त्या भीतीने बोलण्याची जागाच बंद केली असती, तर आजोबांची आठवण दबून गेली असती आणि मावशींचे सांगणेही कोणाला कळले नसते. आणि काहीही लिहायची मुभा तशीच राहिली असती, तर ती जागा अफवेने गिळली असती. म्हणून जे समोर बसून सांगता येईल तेच लिहावे. आणि ज्याचे म्हणणे खरे आहे पण ज्याला समोर बसण्याची सोय नाही, त्याच्या जागी आपण बसावे.