काठ कोणाचा?

भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात बसून कांदळवनाबद्दल बोलणे विचित्र वाटेल. हा बावनथडीकाठचा धानाचा मुलूख. समुद्र दोन्हीकडून शेकडो किलोमीटर दूर. तरी प्रश्न एकच आहे: पाणी आणि जमीन यांची हद्द जिथे सतत सरकते, त्या पट्ट्याला आपण काय मानतो?

खाडीत ती हद्द भरती-ओहोटी हलवते. तिवराची मुळे चिखलातून वर डोकावून श्वास घेतात, त्यांच्या गुंत्यात गाळ बसतो, लाटेचा जोर मोडतो, कोळंबीची पिल्ले वाढतात. भंडाऱ्यात तेच काम ऋतू करतात. पावसाळ्यात तलाव फुगतो, धानाला पाणी सुटले की उतरू लागतो, उन्हाळ्यात काठ उघडा पडतो. त्या उथळ पट्ट्यात देवधान आणि पाणगवते उगवतात, मासे अंडी घालतात, पाखरे चरतात. कौतुक खोल पाण्याचे होते. तलाव जगतो तो काठावर.

हे तलाव गोंड राजवटीत प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, म्हणून माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव. मालगुजारी काही रामराज्य नव्हते, पण पाळीची डागडुजी गावाच्या अंगवळणी होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ती सवय मोडली. गाळ साचला, बेशरम माजली, ढिवरांच्या जाळ्यातले देशी मासे कमी झाले.

कांदळवनाला निदान वाली मिळाले. २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीवर राज्यभर बंदी घातली. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७चे नियम आहेत, पण त्यांच्या व्याख्येतून भातशेती आणि खास सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणजे सिहोऱ्याजवळचा चांदपूर जलाशय, ज्यात सोंड्याटोल्याहून बावनथडीचे पाणी उपसून टाकतात, तो बाहेर, गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, बाहेर, बांध्याही बाहेर. शेजारच्या गोंदियात सारस नेमका धानाच्या बांधीत घरटे करतो. तलाव कोणी खोदला, हे तो विचारत नाही.

सूट देण्यामागे कारण आहे, हे मान्य. गाळ काढायला शेतकऱ्याने परवानगीसाठी हेलपाटे का घालावेत? पण दुरुस्तीची मोकळीक आणि काठ बेवारस सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज खोलीकरणाचे यंत्र उतरते ते काठापासूनच खरवडत जाते. पाणी वाढते, तलाव मात्र हौद होतो. हौदात देवधान उगवत नाही.

दिल्लीचे नियम बदलतील तेव्हा बदलोत. तोवर, उथळ काठाला यंत्र लावायचे नाही आणि ढिवरांना विचारल्याशिवाय खोलीकरणाला संमती द्यायची नाही, एवढा ठराव ग्रामसभांनी येत्या उन्हाळ्याआधी करावा.